जुन्या तुळईला दुकानदार देईल ती चेन नको

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माळवदाच्या जड मातीने किती घात केला, हे आपल्या भागाला सांगायची गरज नाही. त्यानंतर पुष्कळांनी माळवदे उतरवून पत्रे घातले आणि अजूनही घरे उतरतच आहेत. शाळांच्या जुन्या खोल्यांचे निर्लेखन होते, त्यांचेही लाकूड लिलावात निघते. सागाच्या तुळया, बाभळीचे खांब, चौकटी असा हा माल. कित्येक वर्षे वाळलेला, त्यामुळे सहसा वाकत नाही की पिळत नाही. गोठ्याला, चौकटीला असे लाकूड आज विकत आणायचे म्हटले तर खिसा रिकामा होतो.

पण वखारीवाले खिळ्याचे लाकूड घ्यायला कां कूं करतात. एका खिळ्यात त्यांच्या पात्याचे नुकसान होते. मग आपण काय करतो? बागेतल्या फांद्या तोडायला घेतलेले चेनसॉ मशीन आणतो आणि घालतो तुळईवर. पाच मिनिटांत धूर निघतो, चेन बोथट होते आणि आपण म्हणतो, मशीन बेकार. मशीन बेकार नसते बंधूंनो, चेन चुकलेली असते.

दुकानात गेल्यावर आपण नुसते "चेन द्या" म्हणतो. दुकानदार पट्टीचे माप बघून हाताला येईल ती देतो. वास्तविक दाताचे मुख्य प्रकार दोन. एकाचा कोपरा चौकोनी, टोकदार असतो. त्याला फुल चिझल म्हणतात. ओल्या, स्वच्छ लाकडात तो झपाट्याने चालतो. पण कडक आणि मळक्या लाकडात तो टोकदार कोपराच आधी जातो, आणि कोपरा गेला की चेन गेली. दुसऱ्याचा कोपरा गोलसर, तो सेमी चिझल. जरा सावकाश कापतो, पण धार जास्त वेळ धरतो. जुन्या लाकडाला हीच चेन घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव लक्षात राहत नसेल तर "गोल कोपऱ्याच्या दाताची" म्हणा आणि दात स्वतः डोळ्यांनी बघून घ्या.

कार्बाइड टोकाची चेनही मिळते. मळक्या लाकडात ती फार टिकते, पण किंमत कित्येक पट आणि साध्या कानशीने तिला धार लागत नाही, हिऱ्याचे चाक लागते. वाडे उतरवण्याचा धंदाच असेल तर तिचा विचार करावा. एका घरासाठी नको.

माप मात्र चुकवू नका. पिच, गेज आणि पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या दात्यांची संख्या, हे तिन्ही जुळले पाहिजे. बहुतेक पट्ट्यांवर ते छापलेले असते, नसेल तर जुनी चेन सोबत न्या. लांबीत चिरून फळ्या पाडायच्या असतील तर त्याची चेन वेगळी. आडव्या कापाच्या दाताला साधारण ३० अंशांचा कोन असतो, उभ्या चिरणीच्या दाताला १० अंशांच्या आसपास.

लोक खिळ्याला भितात, मातीला भीत नाहीत. खिळा काही दात घालवतो, पण भेगेत बसलेली माती आणि चुना सगळेच दात खातो. त्यात सागाच्या अंगातच वाळूच्या जातीचा सिलिका असतो, म्हणून तो मुळातच धार मारतो. तेव्हा आधी तारेच्या ब्रशने लाकूड घासा, कापायच्या जागेची वरची साल वाकसाने काढा. मग खिळे शोधा. लोखंडाभोवती लाकूड काळे-निळे पडते, तिथे संशय घ्या. जुन्या स्पीकरचा चुंबक वरचेवरचा खिळा दाखवतो. खोल गेलेल्यासाठी पहारेकरी वापरतात तसले हातातले धातुशोधक यंत्र लागते.

भुसा बघत चला. कीस पडतोय तोवर ठीक. पिठासारखी पूड पडू लागली, मशीन दाबावे लागू लागले, की थांबा. .३२५ पिचच्या चेनला ४.८ मि.मी.ची गोल कानस लागते, लहान मशीनच्या ३/८ लो प्रोफाइल चेनला ४ मि.मी.ची. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. खिळ्याने एक दात जास्त झिजला असेल तर बाकीचे त्याच्या मापाला आणा, नाहीतर काप तिरका जातो.

एवढे पाल्हाळ लावायचे कारण चेनची किंमत नव्हे. बोथट चेन माणसाला दाबायला लावते. दाबता दाबता पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकतो आणि मशीन उसळून तोंडावर येते. ही उसळी इतकी जलद असते की हात आवरत नाही. खिळ्यावर तुटलेला दात गोळीसारखा जातो, म्हणून चेनच्या रेषेत कोणी उभे राहू नये. उसळी कमी करणाऱ्या, लो किकबॅक चेन मिळतात. नवख्या हातात तीच द्यावी. डोळ्याला चष्मा आणि पायात बूट हवेच. बहुतेक वेळा मशीन मालकाचे आणि हात मजुराचा असतो. चेनमध्ये वाचवलेले पैसे दवाखान्यात कितीपट जातात, याचा हिशोब मालकाने करावा.

ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना आणि सरपंचांनाही एक सुचवतो. शाळेच्या, चावडीच्या तुळया सरपणाच्या भावात लिलावात काढू नका. खिळे काढून, घासून, लांबीप्रमाणे लावून मग बोली बोला. हातातले एक धातुशोधक यंत्र आणि कानशींचा एक संच ग्रामपंचायतीने ठेवला, तर सगळ्या गावाला उपयोगी पडेल.

आजोबांनी घातलेली तुळई नातवाच्या गोठ्याला चालते. ती चुलीत घालू नका, आणि तिच्यापायी कोणाचा हातही जाऊ देऊ नका. दुकानात जाल तेव्हा आधी दात बघा, मग पैसे द्या.