ब्रिक्स, पीएसए आणि आपली भीड

पन्नाशी ओलांडलेल्या सभासदांच्या रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर हल्ली 'पीएसए' ही अक्षरे दिसू लागली आहेत. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा माग काढण्यासाठी ही तपासणी करतात. आमचे मत स्पष्ट आहे: ती न सांगता-सवरता सरसकट करू नये, आणि ज्याला त्रास आहे त्याने ती टाळूही नये.

शेतकी खात्याचा माणूस फडात येऊन रसाचा ब्रिक्स बघतो. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले सगळेच; त्यात साखर किती, हे प्रयोगशाळेत पोल काढल्यावरच कळते. पीएसएचे तसेच आहे. हे प्रथिन निरोगी ग्रंथीही बनवते. वयोमानाने ग्रंथी वाढली, लघवीला जंतुसंसर्ग झाला, नळी घातली, तरी आकडा चढतो. पाश्चात्त्य देशांतील अनुभव असा, की ४ ते १० आकडा असलेल्या चौघांत साधारण एकालाच कर्करोग निघतो. उलट आकडा कमी असूनही रोग असू शकतो. शिवाय बरेचदा हा रोग इतका सावकाश वाढतो, की उपचारांचाच जाच जास्त होतो. लघवीवरचा ताबा जातो, संसारसुखही जाते.

म्हणून अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०१२ साली सरसकट तपासणी नको म्हटले. युरोपातील मोठ्या पाहणीत मात्र तपासणीने मृत्यू कमी झालेले दिसले. २०१८ साली त्याच समितीने ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, असे सांगितले. आम्हांस हे पटते.

पण बारामती-इंदापूरकडचा खरा घोळ निराळाच. रात्रीच्या विजेवर दारे धरायला उठावेच लागते. त्यात लघवीला चारदा उठलो हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. धार बारीक झाली तर 'वय झालं आता'. कंबर धरली तर मोळी उचलल्याचे निमित्त. रोग हाडांत पोचला असेल, अशी शंकाही येत नाही. २००४ साली पवारसाहेबांच्या तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. ते त्याविषयी जाहीर सभांतून बोलतात. लघवीचे दुखणे मात्र आपण घरच्या कारभारणीलाही सांगत नाही!

बारामतीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. वडिलांना वा भावाला हा रोग झाला असेल तर पंचेचाळिशीतच सांगा. रक्त देण्यापूर्वी एवढे विचारा: आकडा वाढला तर पुढे काय करणार? आणि शिबिरवाल्यांना एक विनंती: अहवाल सभासदाच्या हाती बंद पाकिटात द्यावा, चिटबॉयकडे देऊन पाठवू नये.