हिशेबाबाहेरचे श्रम

अमेरिकेतील महानगरांच्या शाळांत कृष्णवर्णीय शिक्षिका फार काळ टिकत नाहीत आणि ज्या टिकतात त्यांना मानसिक ताणाने ग्रासलेले असते, ही तक्रार तेथे सातत्याने ऐकू येते. तिच्यावर सुचविला जाणारा उपाय बहुधा समुपदेशनाचा किंवा ध्यानधारणेचा असतो. रोग शिक्षिकेच्या मनात आहे असे गृहीत धरले, की औषधही तेथेच शोधले जाणे क्रमप्राप्त होते. वस्तुतः रोग शाळेच्या व्यवस्थेत आहे.

प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून ध्यानात येईल. २०२०-२१ साली तेथील सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्के कृष्णवर्णीय होते. शिक्षकांपैकी मात्र अवघे ६ टक्के. ज्या कृष्णवर्णीय मुलाला तिसऱ्या इयत्तेपर्यंत आपल्या वर्णाचा एक तरी शिक्षक लाभतो, त्याची महाविद्यालयात जाण्याची शक्यता १३ टक्क्यांनी वाढते, असा निष्कर्ष सेठ गर्शेनसन प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ साली मांडला. तेव्हा एक शिक्षिका गेली म्हणजे केवळ एक पद रिक्त झाले, असे मानता येणार नाही.

या गळतीला इतिहास आहे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले. निर्णय न्याय्यच होता; परंतु कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद करून मुलांना गोऱ्यांच्या शाळांत पाठविताना त्यांच्या शिक्षकांना घरी बसविण्यात आले. १७ राज्यांत १९६५ पर्यंत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षकांनी व मुख्याध्यापकांनी नोकऱ्या गमावल्या, असा अंदाज आहे. २००५ च्या कॅट्रिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये सात हजारांहून अधिक शालेय कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले. त्यांत कृष्णवर्णीय शिक्षिकांचा भरणा मोठा होता. या स्त्रिया बाहेर पडल्या नाहीत, त्यांना बाहेर काढले गेले.

आज बडतर्फीची जागा अतिरिक्त भाराने घेतली आहे. वर्गात कोणी कृष्णवर्णीय मुलगा बेशिस्त वागला की त्याला आवरण्यासाठी हिलाच बोलवावयाचे. पालक संतापले की समजूत हिनेच घालावयाची. वर्णविषयक समितीवर नावही हिचेच. २०१६ साली तत्कालीन शिक्षणमंत्री जॉन किंग यांनी या भाराला ‘अदृश्य कर’ म्हटले. या श्रमांची नोंद वेळापत्रकात नाही की वेतनपत्रकात नाही. त्यातून तिने नाराजी व्यक्त करावी, तर ‘रागीट कृष्णवर्णीय बाई’ हा जुना शिक्का तयारच असतो. गिळलेला संताप आणि न मोजलेले श्रम यांची बेरीज म्हणजेच हा मानसिक ताण होय.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यावर वेतनवाढ हा उपाय प्रथम सुचेल. परंतु रिचर्ड इंगरसोल व हेन्री मे यांच्या २०११ च्या अभ्यासातून वेगळेच चित्र पुढे आले. कृष्णवर्णीयांसह अल्पसंख्य समाजांतील शिक्षकांच्या नोकरी सोडण्याशी वेतनापेक्षा अधिक निगडित होते ते अध्यापनातील स्वातंत्र्य आणि शाळेच्या निर्णयांतील सहभाग. याचा अर्थ पैसा गौण आहे असा नव्हे. जिला वर्णाच्या नावाखाली कामे मिळतात पण अधिकार मिळत नाहीत, तिची दमछाक केवळ पगाराने भरून येत नाही, इतकाच तो आहे.

म्हणून मध्यस्थीच्या तासांची गणना कार्यभारात व्हावी, त्या प्रमाणात तासिका कमी व्हाव्यात आणि निर्णय घेणाऱ्या टेबलाशी तिला स्थान असावे. हे न करता तिला मनःशांतीचे धडे देणे म्हणजे कर्ज बुडविणाऱ्याने सावकाराला संयमाचा उपदेश करण्यासारखे आहे.