आठवण गेली तरी स्थान राहावे

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला घराच्या कोपऱ्यात बसवून ठेवणे म्हणजे सेवा नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्ती या विकाराने ग्रस्त असाव्यात. सकाळचे जेवण विसरणाऱ्या आजोबांना बालपणी पाठ केलेला हरिपाठ मात्र पुष्कळदा आठवतो. आजींचे हात वाती वळणे सहसा विसरत नाहीत. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने हा भार एकट्या सुनेवर टाकणे शोभत नाही. भजनी मंडळाने त्यांच्या हाती टाळ द्यावेत, तरुणांनी वृद्ध स्वयंसेवकाला घरून सोबत घेऊन प्रार्थनेसाठी शाखेवर आणावे. शब्द चुकला तरी पंक्तीतील त्यांची जागा कायम राहावी. ज्यांनी संस्कार दिले, त्यांचा मान राखणे हे समाजाचे कर्तव्यच आहे.