मूर्समोल : आईची बोली, पण कुणाच्या आईची?

नॉर्वेजियन भाषेत मातृभाषेला 'मूर्समोल' म्हणतात. मूर म्हणजे आई, मधला 'स' आपल्या 'ची'चं काम करतो, आणि मोल म्हणजे बोली. (आपल्या मोलाशी, किमतीशी, त्याचं काही नातं नाही बरं का!)

'मोल' हा जुना नॉर्स शब्द. आईची कल्पना मात्र लॅटिनमधून पसरलेली दिसते. गंमत म्हणजे प्राचीन रोमन लोक स्वतःच्या भाषेला 'बापाची वाणी' म्हणत. बाराव्या शतकात लॅटिन लेखनात 'आईची भाषा' येऊ लागली. पोथीतली, छडी खाऊन शिकायची ती लॅटिन. घरात आपोआप येते ती आईची. आपला 'मातृभाषा' हा शब्दही तसा अलीकडचाच. संतांनी मऱ्हाटी म्हटलं, देशी म्हटलं, प्राकृत म्हटलं.

नॉर्वे १८१४ साली डेन्मार्कपासून सुटला, तरी लिहिणं डॅनिशमध्येच चाललं. मग ईवार ओसेन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने १८४२ पासून चार वर्षं खेडोपाडी हिंडून बोली गोळा केल्या, १८४८ मध्ये व्याकरण आणि १८५० मध्ये कोश छापला. त्यातून उभ्या राहिलेल्या भाषेला १८८५ मध्ये संसदेने डॅनिशवळणाच्या भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला.

पण मंडळी, मला सगळ्यात मोठा वाटतो तो १८७८ चा ठराव. प्राथमिक शाळेत शक्य तितकं मुलांच्या स्वतःच्या बोलीत शिकवावं, असा. म्हणजे 'मोल'चा अर्थ त्यांनी खरा धरला : आई बोलते ते, पुस्तक बोलतं ते नव्हे. आपण मात्र मातृभाषेतून शिक्षण म्हणतो आणि 'व्हतं' म्हणणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी 'होतं म्हण' म्हणून दटावतो. त्याची आई 'व्हतं'च म्हणते ना! प्रमाणभाषा शिकवावी, जरूर शिकवावी, पण लिहिण्यासाठी. बोलतं पोर गप्प करून नव्हे.

नॉर्वेचं कौतुक इथवरच. त्याच देशाने दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, उत्तरेकडच्या सामी आणि क्वेन मुलांना नॉर्वेजियन शिकवण्याचे कडक नियम काढले. वसतिगृहांत ठेवलेली कित्येक मुलं आपली बोली विसरली. तिथल्या संसदेने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाचा त्यावरचा अहवाल यायला २०२३ साल उजाडलं. तोवर त्यातल्या बहुतेक आया हयातही नव्हत्या.