आईबाबांच्या हाती कार्ड द्या

मंडळी, उन्हाळा आला की भारतातून आईवडील येतात. हीथ्रोवर आपण गाडी घेऊन हजर! पण पुढे महिनोन् महिने ते आपल्या शनिवार-रविवारची वाट बघत घरात बसतात. त्यापेक्षा बॅगा बेताच्या असतील तर पहिल्याच दिवशी त्यांना रेल्वेने घेऊन या. २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन साधारण अर्ध्या तासात पॅडिंग्टनला सोडते. पिकॅडिली लाइन स्वस्त, पण वेळ जास्त घेते.

नियम मोजकेच. ऑयस्टर कार्ड प्रत्येकाचं वेगळं. स्टेशनात शिरताना टेकवायचं, तसंच बाहेर पडतानाही. नाहीतर जादा भाडं कापलं जातं. बसमध्ये मात्र चढतानाच, एकदा. रोख पैसे बसमध्ये २०१४ पासून चालत नाहीत. साठीनंतरची सवलत लंडनच्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही.

मग एकट्याने पहिली सफर कुठे? नॉर्दर्न लाइनवर चॉक फार्मला उतरावं. जवळच १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहत. आता तिथे त्यांचं स्मारक आहे.

संध्याकाळी चहाला बसल्यावर त्या दिवशी आईबाबा सांगतील, आपण ऐकायचं!