मुलगा म्हणजे मुंबईहून येणारा पैसा नव्हे



मुलगी शिकली पाहिजे हे आता देवरुखाभोवतीच्या वाड्यांतून कोणास पटवून द्यावे लागत नाही. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांच्या वाट्यास शेणमाती आली. आज आमच्या कुणब्याची लेक पुस्तके छातीशी धरून एस.टी.त चढते, आणि वाडी तिच्याकडे कौतुकाने पाहते. याचा आम्हांस अभिमान आहे, व त्यात कोणी खोडा घालू लागला तर आम्ही त्याच्याशी भांडू. पण त्याच मुलीचा भाऊ कोठे आहे म्हणून विचारा. उत्तर ठरलेले: "तो होय? तो मुंबईस लागला." कोठे लागला, किती शिकून गेला, निजतो कोठे, जेवतो काय, हे पुढे कोणी विचारीत नाही. मुलगा आहे, कोठेही पोट भरील! या एका वाक्याने आमच्या पोरांचा जेवढा घात केला तेवढा खोतानेही केला नसेल.

आजोबा मुंबईस गेले ते गिरणीत. गावकीची खोली होती, खानावळवाली बाई होती, पाळी संपली की अंग टाकायला एक वळकटीभर जागा होती, आणि महिन्याच्या महिन्यास मनिऑर्डर येत होती. तेव्हा अक्षरओळख नसली तरी साच्यावर हात बसत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ती मुंबई संपली. गिरण्या गेल्या, चिमण्या पडल्या, वर मनोरे उभे राहिले. आमच्या घरांतली समजूत मात्र १९८२ च्या आधीचीच राहिली: पोरगा चौदा-पंधराचा झाला की गाडीत बसवावा.

आता तो पोरगा नालासोपाऱ्यास किंवा दिव्यास एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहतो, कोणाच्या तरी इमारतीच्या दाराशी शिटी घेऊन बारा तास उभा राहतो, नाही तर पाठीवर पेटी बांधून लोकांची जेवणे जिन्याने वर नेतो. आणि इकडे आमच्या आंब्याच्या बागा कोण राखतो? नेपाळहून आलेला गुरखा! कोकणचा पोर मुंबईकराचे दार राखतो आणि नेपाळचा पोर कोकणचा आंबा राखतो. दोघेही आपापल्या आईपासून दूर. हा व्यवहार कोणास शहाणपणाचा वाटत असेल त्याने आम्हांस समजावून सांगावा.

खानेसुमारीचे आकडेच पाहा ना. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. सारा देश वाढत असता आमचा जिल्हा ८१ हजारांहून अधिक माणसांनी घटला. त्याच खानेसुमारीत दर हजार पुरुषांमागे येथे अकराशेंहून अधिक बायका निघाल्या. कर्ते हात गेले आणि मागे म्हातारी, सुना व कुलुपे राहिली, असा याचा सरळ अर्थ आहे.

कायद्याचे म्हणाल तर तो चौदाव्या वर्षी हात सोडतो. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. आठवीपर्यंत पोर आमच्या हाती असतो, आणि नेमके मिसरूड फुटू लागते तेव्हा सरकार म्हणते, आता तुझे तू पाहा. हायस्कूल दूर. शाळकरी मुलीस अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास फुकट मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण त्याच घरातल्या मुलास सवलतीचा का होईना, पास विकत घ्यावा लागतो. शेतमजुराच्या घरी ही रक्कम लहान नसते. बाप म्हणतो, पासाचे पैसे घालण्यापेक्षा काजूच्या बागेत जा, दोन पैसे आण. दहावीची परीक्षा मार्चात, शिमगाही त्याच सुमारास, काजू-आंब्याची घाईही तेव्हाच. पोर कोठे सापडणार? मुलीचा पास काढून मुलास द्या, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणारा भावाबहिणींत भांडण लावणारा समजावा. दोघांसही द्या, एवढेच मागणे आहे.

तिकडे खालच्या वर्गांचीही मुळे कापणे चालले आहे. २०१७ साली दहाहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचे ठरले. २०२३ साली वीसाहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची टूम निघाली. पट कमी का, तर माणसे गेली म्हणून. माणसे का गेली, तर गावात काही नाही म्हणून. आता शाळाही नाही! सह्याद्रीच्या कुशीतली वाडी म्हणजे पुण्यातली पेठ नव्हे, की पलीकडच्या गल्लीत दुसरी शाळा असेल. पावसाळ्यात मधला वहाळ दोन-दोन दिवस उतरत नाही.

कोणी म्हणेल, शिकून तरी नोकऱ्या कोठे आहेत? हा प्रश्न आम्ही रोज ऐकतो. गंमत अशी की तो विचारणारा स्वतःच्या मुलास शिकवीतच असतो. न शिकलेल्यास त्याहून कमी नोकऱ्या आहेत, हे तो सांगत नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा असे मागितले; १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ते मोफत व सक्तीचे करून दाखविले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या बापास महिना एक रुपया दंड ठेविला. तेव्हाही हाच प्रश्न विचारला जात होता.

आणि पैसा नाही म्हणता? भाऊराव पाटलांजवळ कोठे होता? १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह निघाले. सगळ्या जातींची पोरे एका पंक्तीस बसली. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. मुले काम करीत व शिकत. आमच्याकडे गावोगावी मुंबईची मंडळे आहेत. त्यांच्या वर्गणीतून देवळास नवी फरशी बसते, कमान उठते, शिमग्यास व गणपतीस भाड्याचे भोंगे येतात. देवाचे आम्हांस वाकडे नाही. पण मार्लेश्वराच्या यात्रेस हजारोंनी जमणाऱ्या या मुलखात तालुक्याच्या गावी चार खोल्या घेऊन वीस पोरांची राहण्याजेवणाची सोय करणे आमच्या मंडळांस जड का जावे?

आणखी एक गोष्ट, जी घरात बोलली जात नाही. आमच्या पोरांस आपण मारतो, आणि रडला तर बायकी म्हणून हसतो. त्याचे दुखणे ऐकणारे कोणी नाही. मग ते ऐकणारा दारूच्या दुकानाशी भेटतो, नाही तर निवडणुकीतला एखादा दादा भेटतो. तो मोटारसायकलीत पेट्रोल घालतो, हातात झेंडा देतो आणि डोके फुटले की ओळख विसरतो. माउल्यांनो, मुलगा परीक्षेत नापास झाला म्हणजे त्यास पहिल्या दिवशी जेवू घाला. बोलणे दुसऱ्या दिवशी. बापांनो, तुम्हीही.

येत्या गणपतीत चाकरमानी घरी येतील. आरती झाल्यावर प्रत्येक वाडीने बैठक धरावी. गेल्या पाच वर्षांत आठवीनंतर किती मुलगे शाळेतून गळाले त्यांची नावे मोठ्याने वाचावीत, आणि मग मंडळाचा जमाखर्च वाचावा. नावे आमच्या हजेरीपटात आहेत. बोलावणे आले की पट घेऊन आम्ही हजर राहू.