हरिषेण, अचलपूरकर

मेवाडातल्या चित्तोडचा एक जैन कवी स्वतःच्या कामासाठी गाव सोडून निघाला आणि थेट वऱ्हाडात, अचलपुरात येऊन राहिला. इथे त्याने विक्रम संवत १०४४ मध्ये, म्हणजे इसवीसन ९८७-८८ च्या सुमारास, ‘धम्मपरिक्खा’ हे अकरा संधींचे अपभ्रंश काव्य पुरे केले. मनोवेग आणि पवनवेग या दोन मित्रांची ही कथा. पाटलीपुत्रातल्या पंडितांपुढे मनोवेग एकाहून एक अचाट गोष्टी सांगतो. त्या खोट्या म्हणून पंडित उठले की तशाच गोष्टी त्यांच्याच पुराणांतून काढून दाखवतो. अमितगतीची याच विषयावरची संस्कृत ‘धर्मपरीक्षा’ पुष्कळ प्रसिद्ध आहे, पण ती संवत १०७० ची. अचलपूरचे काव्य तिच्याआधी २६ वर्षे झालेले.

या कवीचे नाव हरिषेण. त्याचे दुर्दैव एवढेच की हे नाव त्याच्या एकट्याचे नाही.

अलाहाबादच्या स्तंभावर समुद्रगुप्ताची प्रशस्ती रचणारा दरबारी कवी हरिषेणच. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात ज्याच्या सचिवाचे, वराहदेवाचे, दान कोरले आहे तो वाकाटक राजाही हरिषेण. त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, तेव्हा तोही वऱ्हाडचाच. जैन परंपरेतल्या बारा चक्रवर्तींपैकी दहावा हरिषेण. आणि सर्वांत जास्त घोटाळा होईल असा हरिषेण म्हणजे संस्कृत ‘बृहत्कथाकोश’चा कर्ता. त्याने १५७ कथांचा हा ग्रंथ शके ८५३ मध्ये वर्धमानपुरात लिहिला. तोही जैन, तोही कथाकार, आणि अचलपूरच्या कवीच्या जेमतेम छप्पन वर्षे आधीचा. त्याने दिलेल्या गुरुपरंपरेत त्याच्या गुरूच्या गुरूचे नावसुद्धा हरिषेणच निघते!

पण अचलपूरच्या कवीने पुढच्या वाचकाची सोय स्वतःच करून ठेवली आहे. धक्कड कुळ, आजोबा हरि, वडील गोवर्धन, आई गुणवती, गुरू सिद्धसेन, मूळ गाव चित्तोड आणि नवे गाव जिनमंदिरांनी भरलेले अचलपूर, एवढे सगळे त्याने काव्यात सांगितले. आपल्याआधीचे थोर कवी म्हणून चतुर्मुख, स्वयंभू आणि पुष्पदंत यांना मान दिला. दहाव्या शतकातला माणूस इतकी सविस्तर ओळख देतो आणि आजच्या लेखांत, भाषणांत, सूचींत ‘हरिषेण’ एवढेच लिहून भागवले जाते. हा त्या कवीवर अन्याय आहे, आणि अचलपूरवर तर जास्तच.

त्याने मानलेला पुष्पदंत कोणता, हे सांगायलाही तशीच ओळख लागते. जैनांचे नववे तीर्थंकर पुष्पदंत. ‘षट्खंडागम’ रचणाऱ्या दोन आचार्यांपैकी एक पुष्पदंत, इसवीसनाच्या सुरुवातीच्या शतकांतले. ‘शिवमहिम्नस्तोत्र’ परंपरेने ज्याच्या नावावर आहे तो गंधर्व पुष्पदंत. आणि राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात ९६५ मध्ये अपभ्रंश ‘महापुराण’ पुरे करणारा कवी पुष्पदंत. हरिषेणाला अभिप्रेत आहे तो हा शेवटचा, त्याच्या अगदी आगेमागेचा. आचार्य समजून वाचले तर आठ-नऊशे वर्षांची चूक होते.

या गुंत्यातून वाट काढणारे लोक वऱ्हाडात होते, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या हिरालाल जैन यांनी कवी पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये कारंजाच्या ग्रंथमालेतून काढले. आचार्य पुष्पदंतांचा ‘षट्खंडागम’ धवला टीकेसह १९३९ पासून अमरावतीहून छापायला सुरुवात केली तीही त्यांनीच. दोन्ही पुष्पदंत एकाच संपादकाच्या हातून गेले आणि कुठेही मिसळले नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातले आ. ने. उपाध्ये यांनी हरिषेणांच्या बाबतीत हेच केले. ‘धम्मपरिक्खे’वर त्यांनी १९४२ च्या सुमारास सविस्तर लेख लिहिला आणि पाठोपाठ दुसऱ्या हरिषेणाचा ‘बृहत्कथाकोश’ संपादित केला.

ही काळजी घेतली नाही तर काय होते, ते ख्रिस्ती जगाने भोगले आहे. पॉलच्या उपदेशाने अथेन्समध्ये ख्रिस्ती झालेला डायोनिसियस, पॅरिसचा पहिला बिशप मानला गेलेला डायोनिसियस आणि पाचव्या-सहाव्या शतकात त्या पहिल्याचे नाव घेऊन ग्रीकमध्ये गूढवादी ग्रंथ लिहिणारा कोणी अज्ञात लेखक. नवव्या शतकात सेंट देनीच्या मठाचा प्रमुख हिल्दुइन याने हे तिघे एकच असे ठरवून टाकले. बाराव्या शतकात आबेलारने त्या मठात राहून शंका काढली, तर त्याला तिथून पळ काढावा लागला. त्याच ख्रिस्ती परंपरेने चौथ्या शतकातले दोन ग्रेगरी मात्र सहसा मिसळू दिले नाहीत. दोघे एकमेकांच्या ओळखीचे आणि दोघेही बिशप, पण एक नाझियान्झसचा आणि दुसरा निसाचा. नावामागे गाव कायम राहिले म्हणून दोघांचे ग्रंथ बहुतांशी आपापल्या जागी राहिले.

मराठीलाही हे नवे नाही. ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकार ज्ञानदेव वेगळे, असा वाद ‘भारद्वाज’ या नावाने शिवराम भारदे यांनी १८९८-९९ मध्ये ‘सुधारक’मधून घातला. तो टिकला नाही, पण त्यामुळे लोकांनी पुरावे काढले. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग शिरले, ते निवडण्याचे काम अभ्यासकांना पुढे कितीतरी वर्षे पुरले.

अचलपूरचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा १४९० ची इमादशाही, हौजकटोरा आणि दुल्हा रहमानशहांचा दर्गा यांपासून सुरुवात होते. ते सांगायलाच हवे. पण त्याआधी शेजारच्या चम्मक गावी सापडलेला वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट आहे. हा प्रवरसेन समुद्रगुप्ताचा पणतू, म्हणजे अलाहाबादच्या हरिषेणाने ज्याची कीर्ती गायली त्याच्याच नातीचा मुलगा. प्राकृत ‘निर्वाणकांड’ मेढगिरीचा, आजच्या मुक्तागिरीचा, पत्ता अचलपूरच्या ईशान्येला म्हणून देते. आणि या दोहोंच्या बरोबरीने ‘धम्मपरिक्खा’ आहे. मराठीच्या आधीच्या अपभ्रंशातला, लिहिल्याचे साल आणि गाव दोन्ही ठाऊक असलेला एक अख्खा ग्रंथ या गावात जन्मला. असे भाग्य महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांना लाभले आहे.

म्हणून मागणी साधी आहे. अचलपुरात या कवीच्या नावाचा फलक लागावा आणि त्यावर नुसते ‘महाकवी हरिषेण’ नको. ‘धम्मपरिक्खा’, संवत १०४४, गोवर्धन आणि गुणवती यांचा मुलगा, चित्तोडहून आलेला, असे सगळे असावे. अमरावती विद्यापीठाच्या मराठीच्या वर्गात या काव्यातला एखादा संधी अनुवादासह शिकवावा. आणि वऱ्हाडच्या इतिहासावर पुस्तक लिहिणाऱ्या प्रत्येकाने सूचीत वाशीमचा राजा आणि अचलपूरचा कवी यांच्यासाठी दोन वेगळ्या ओळी ठेवाव्यात.